पहिलीचे वर्ष : अक्षर, अंक आणि पालकांचा वाटा

मूल पहिलीच्या वर्गात बसते त्या दिवशी त्याच्या शिक्षणाला आरंभ होतो, असे मानण्याची रूढी आहे. वस्तुतः सहा वर्षांचे मूल आपल्या घरच्या भाषेचे बहुतेक व्याकरण आत्मसात करून शाळेत येते. ‘मी खाल्ले’ आणि ‘मला खायचे आहे’ यांतील फरक ते न शिकवता पाळते, आजोबांशी व धाकट्या भावाशी कोणत्या शब्दांत बोलायचे हे जाणते आणि वाटणीत आपल्याला लाडू कमी आला हे पुरती मोजणी येत नसतानाही ओळखते. या संचितावर पहिलीच्या वर्षात दोन नव्या व्यवस्था उभ्या राहतात. बोललेल्या ध्वनीला चिन्ह देणारी लिपी ही पहिली आणि वस्तूंच्या संख्येला चिन्ह देणारी अंकपद्धती ही दुसरी. या दोन्ही व्यवस्था मुलाच्या मनात कशा रुजतात हे समजल्याखेरीज पालकांना नेमकी कोणती मदत करावी हे उमगत नाही, आणि मग प्रेमापोटी केलेल्या मदतीचे रूपांतर पुष्कळदा घोकंपट्टीच्या सक्तीत होते.

पहिलीकडून असलेली अपेक्षा

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क मिळाला. या कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन व्हावे लागते. वर्षाच्या एकूण ८,७६० तासांशी तुलना केली, तर हे ८०० तास जेमतेम अकरावा भाग ठरतात. उरलेला सारा काळ मूल घरात, अंगणात व झोपेत घालवते. घराचा वाटा महत्त्वाचा का, याचे एक उत्तर या साध्या हिशेबातच आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वय वर्षे तीन ते आठ हा एकसलग ‘पायाभूत स्तर’ मानला असून त्यात शाळापूर्व तीन वर्षे आणि पहिली-दुसरी यांचा समावेश केला आहे. पहिली म्हणजे खेळ संपून अभ्यास सुरू होण्याची सीमारेषा, ही जुनी समजूत या रचनेने मोडीत काढली आहे. याच धोरणाला धरून जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ हे अभियान सुरू झाले. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे व मूलभूत गणित करता यावे, हे त्याचे उद्दिष्ट होय. त्याच महिन्यात पहिलीच्या आरंभीच्या तीन महिन्यांसाठी ‘विद्याप्रवेश’ हा खेळावर आधारित तयारीचा कार्यक्रमही मांडण्यात आला.

पहिलीच्या अखेरीस मुलाने वयाला साजेशा, पूर्वी न पाहिलेल्या मजकुरातील चार-पाच सोप्या शब्दांची लहान वाक्ये वाचावीत, ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्या व लिहाव्या आणि सोपी बेरीज-वजाबाकी करावी, एवढीच अपेक्षा निपुण भारतने ठेवली आहे. यातील ‘पूर्वी न पाहिलेल्या’ ही अट बारकाईने पाहण्यासारखी आहे. वर्गात वीस वेळा म्हटलेला धडा मूल पानावर बोट फिरवीत बिनचूक म्हणते तेव्हा ते वाचतेच आहे असे नाही. ते आठवत असण्याचा संभव अधिक असतो. नव्या पाटीवरचे किंवा पुड्याच्या कागदावरचे दोन शब्द ते अडखळत का होईना, स्वतः उलगडते, तेव्हा ते वाचू लागले असे म्हणता येते.

बोलीकडून लिपीकडे

वाचनाची पहिली पायरी कागदावर नसते, ती कानात असते. बोललेला शब्द हा ध्वनींच्या तुकड्यांचा बनलेला आहे, ‘कमळ’ आणि ‘कणीस’ यांच्या आरंभी एकच ध्वनी आहे, ‘पाणी’ आणि ‘राणी’ यांचा शेवट जुळतो, ‘चिमणी’मधून ‘चि’ काढून टाकला तर ‘मणी’ उरतो, हे ओळखण्याच्या क्षमतेला ध्वनिजाणीव असे म्हणतात. ही जाणीव पक्की नसलेल्या मुलापुढे अक्षर ठेवले, तर ते त्याच्या दृष्टीने केवळ एक आकृती राहते, कारण ते चिन्ह कशाचे आहे हेच त्याला जाणवलेले नसते. बडबडगीते, यमके जुळवणे, टाळ्या वाजवून शब्दाचे तुकडे पाडणे, ‘क’पासून सुरू होणाऱ्या घरातल्या वस्तू शोधणे हे खेळ म्हणूनच वाचनाचा पाया घालतात.

पुढची पायरी अक्षराची. देवनागरीत क, ख, ग, घ, ङ असा सुरू होणारा व्यंजनवर्गांचा क्रम उच्चारणाच्या स्थानांनुसार, म्हणजे कंठ, तालू, मूर्धा, दात व ओठ या ओळीने लावलेला असून भाषाशास्त्राच्या दृष्टीने ती अत्यंत शिस्तबद्ध मांडणी आहे. तथापि वाचायला शिकताना तो क्रम सोयीचा ठरतोच असे नाही, कारण त्या वाटेने जाणाऱ्या मुलाला मराठी शब्दांत सुटा जवळजवळ न येणारा ‘ङ’ पाचव्याच घरात भेटतो आणि नित्य लागणारे ‘म’, ‘र’, ‘ल’ फार उशिरा हाती येतात. प्राथमिक शाळांत रुळलेल्या ‘ग, म, भ, न’ या क्रमामागचा विचार वेगळा आहे. या चारही अक्षरांना उजवीकडे उभा दंड आहे व त्यांची वळणे परस्परांशी मिळतीजुळती आहेत, त्यामुळे हाताला एक वळण बसले की पुढचे सोपे जाते. शिवाय एवढ्या चार अक्षरांतून मन, मग, नभ, गगन, नमन असे अर्थपूर्ण शब्द लगेच तयार होतात. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनाच्या अध्यापनावर दीर्घकाळ काम करताना अक्षरे लहान गटांत, स्वरचिन्हांच्या जोडीने शिकवण्यावर भर दिला, त्याचेही सूत्र हेच की मुलाला शक्य तितक्या लवकर खरा शब्द वाचल्याचा आनंद मिळावा.

मराठीत ३४ व्यंजने धरून त्यांची बाराखडी मांडली, तर ४०८ रूपे होतात. २००९ च्या शासननिर्णयाने ‘ॲ’ व ‘ऑ’ या स्वरांना वर्णमालेत स्थान दिल्यापासून बाराखडीच्या जागी चौदाखडी आली, म्हणून आपल्या लहानपणी नसलेली दोन घरे मुलाच्या वहीत पाहून पालकांनी गोंधळून जाऊ नये. ही शेकडो रूपे एकेक करून पाठ करायची नसतात. व्यंजन अधिक स्वरचिन्ह हा नियम काही मोजक्या अक्षरांवर उमगला की मूल तो इतरांना आपोआप लावते. मात्र या नियमातही अडथळे आहेत. ‘कि’मध्ये वेलांटी उच्चारात नंतर येते पण कागदावर आधी उमटते, ‘कमळ’ लिहिताना तीन पूर्ण अक्षरे लिहिली जातात, तरी उच्चारात अखेरच्या ‘ळ’मधला ‘अ’ लोपलेला असतो, ‘चमचा’ या एकाच शब्दात ‘च’चे दोन्ही उच्चार ऐकू येतात, आणि ‘र’ हा सूर्य, प्रकाश, ट्रक व दऱ्या या शब्दांत चार वेगळी रूपे घेतो. घ-ध, भ-म, ब-व या जोड्यांतील फरक तर एका गाठीचा किंवा एका रेषेचा आहे. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनाचा जो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातून भारतीय अक्षरलिप्या पूर्ण हाती येण्यास इंग्रजी वर्णमालेपेक्षा बराच अधिक काळ, म्हणजे काही इयत्ता लागतात, असे दिसून आले. कन्नड लिपीची घडण देवनागरीसारखीच असल्याने दिवाळीपर्यंत सगळी जोडाक्षरे न येणाऱ्या मराठी मुलाविषयी चिंता करण्याचे कारण नाही.

मुलाच्या स्वतःच्या लेखनाकडे पाहिले की ही प्रगती अधिक स्पष्ट दिसते. पहिलीतल्या मुलाने ‘मी आंबा खाल्ला’ असे लिहू पाहताना ‘मी आबा खाला’ असे लिहिले, तर मोठ्यांना त्यात दोन चुका दिसतात. तेच वाक्य शिकण्याच्या अंगाने वाचले तर असे आढळते, की मुलाने तीन शब्द वेगळे ओळखले आहेत, त्यांतील स्वर-व्यंजनांचा क्रम अचूक लावला आहे, काना व वेलांटी योग्य जागी दिली आहे आणि ज्या दोन गोष्टी सुटल्या आहेत, तो अनुस्वार व ते जोडाक्षर, त्या नंतर पक्क्या होणाऱ्याच आहेत. लाल शाईच्या खुणांऐवजी मोठ्या माणसाने खाली ‘हो, तू आंबा खाल्लास. गोड होता का?’ असे लिहून मुलाला वाचून दाखवले, तर शुद्ध रूप त्याच्या डोळ्यांपुढे येते आणि लिहिण्यामागचा हेतू, म्हणजे आपले म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोचणे, तोही सफल होतो.

घरची भाषा आणि शाळेची भाषा

पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी ही महाराष्ट्रातील असंख्य मुलांच्या घरची भाषा नसते. खानदेशात अहिराणी, सिंधुदुर्गात मालवणी, विदर्भात वऱ्हाडी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी व माडिया, नंदुरबारच्या डोंगरांत पावरी आणि पालघर जिल्ह्यात वारली ऐकत वाढलेले मूल पहिलीत येते, तेव्हा त्याला लिपीबरोबर नवी भाषा किंवा नवी बोलीही शिकावी लागते. अशा वेळी घरात मोडकीतोडकी प्रमाण मराठी किंवा इंग्रजी बोलण्याचा आग्रह धरणे हिताचे नसते, कारण विचार, शब्दसंपत्ती आणि गोष्ट सांगण्याची हातोटी जी भाषा मोठ्यांना सहज येते तिच्यातूनच समृद्ध होते आणि तेथून ती शाळेच्या भाषेत उतरते. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० मध्ये राज्यातील सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्या इंग्रजीचा पाया या वयात ऐकणे, गाणे आणि लहानसहान सूचना समजणे एवढाच असावा, स्पेलिंगांची यादी पाठ करून घेण्याची घाई करू नये.

संख्या कळणे म्हणजे काय

मूल शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणते याचा पालकांना अभिमान वाटणे स्वाभाविक आहे, परंतु अंकांची नावे म्हणणे आणि संख्या कळणे या भिन्न गोष्टी आहेत. संख्या कळण्यासाठी मुलाला तीन गोष्टी साधाव्या लागतात. प्रत्येक वस्तूला एकच अंक द्यायचा, कोणतीही वस्तू सोडायची नाही व दोनदा मोजायची नाही, ही एकास-एक संगती पहिली. मोजताना शेवटी उच्चारलेला अंक हा त्या शेवटच्या वस्तूचे नाव नसून साऱ्या समूहाची संख्या आहे, हे उमगणे ही दुसरी. मांडणी बदलली तरी संख्या बदलत नाही, ही तिसरी. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवून दिले की समोरासमोर मांडलेल्या बटणांच्या दोन सारख्या ओळींपैकी एक ओळ पसरवून लांब केली, तर अनेक लहान मुले त्या ओळीत बटणे वाढली असे मानतात. ही समज हाताळण्यातून येते, म्हणून चिंचोके, खडे, मणी व काड्या ही पहिलीच्या गणिताची खरी साधने होत.

मराठी अंकनावांमुळे या कामाला आणखी एक वळण मिळते. ‘बत्तीस’ या शब्दात दोनचा ध्वनी आधी व तिसाचा नंतर येतो, पण लिहिताना तीन आधी लिहावा लागतो. कानाबरोबर हात चालवणारे मूल ३२ ऐवजी २३ लिहिते ते यामुळेच. एकोणीस, एकोणतीस ही नावे पुढच्या दशकातून एक वजा करून तयार झाली आहेत, तोच क्रम एकोणनव्वदपर्यंत चालतो आणि नव्याण्णवला मात्र मोडतो. गणितज्ञ मंगला नारळीकर अध्यक्ष असलेल्या समितीने २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीने ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन सुचवले आणि त्यावर राज्यभर मोठा वाद झाला. त्या वादात कोणाचीही बाजू घेतली, तरी ज्या अडचणीतून तो प्रस्ताव आला ती अडचण खरी आहे, आणि घरात ती सोडवण्याचा मार्गही उपलब्ध आहे.

त्यासाठी खराट्याच्या बत्तीस काड्या पुरेशा होतात. मुलाने त्या मोजून दहा-दहांचे गठ्ठे दोऱ्याने बांधावेत. तीन गठ्ठे होतात व दोन काड्या सुट्या राहतात. गठ्ठे डावीकडे व सुट्या काड्या उजवीकडे ठेवून प्रत्येकाखाली अंक लिहिला, की ३ म्हणजे तीन दशक आणि २ म्हणजे दोन एकक हे डोळ्यांना दिसते, हाताला जाणवते. मग दोन गठ्ठे व तीन सुट्या काड्या मांडून २३ शेजारी ठेवले, तर दोन्ही संख्यांत तेच अंक असूनही एक ढीग मोठा का, याचे उत्तर मूल स्वतः देते. काही मुले बत्तीस हे ‘३०२’ असे लिहितात. त्यांना तीस ऐकू आले व त्यांनी तीस लिहिले, इतका सरळ तर्क त्यामागे असतो आणि गठ्ठ्यांशी ताडून पाहिल्यावर तो त्यांचा त्यांनाच दुरुस्त करता येतो. स्थानिक किंमत, म्हणजे अंकाचे मोल त्याच्या जागेवरून ठरण्याची रीत, पाठ करून येत नाही, ती अशी बांधून-सोडून येते.

बेरीज-वजाबाकीलाही घरातच भरपूर संधी असते. पाच माणसे जेवायला बसणार असून तीन ताटे मांडली आहेत, तर आणखी किती लागतील. दहा रुपयांचे नाणे देऊन सहा रुपयांची वस्तू घेतली, तर किती परत यावेत. असे प्रश्न तोंडी विचारले व उत्तराबरोबर ‘कसे काढलेस?’ असेही विचारले, तर मुलाची विचार करण्याची पद्धत उलगडते आणि उत्तर चुकले तरी चूक कोठे झाली ते कळते.

हात, देह आणि मन

सहाव्या वर्षी मनगटाची हाडे व बोटांचे लहान स्नायू अजून घडत असतात, त्यामुळे पाने भरभरून लेखन करणे मुलाला शारीरिक दृष्ट्याही जड जाते. मटार सोलणे, कणकेचे गोळे करणे, बटणे लावणे, कागद फाडून चिकटवणे, रांगोळीच्या रेघा ओढणे या कामांतून बोटांची जी पकड तयार होते तीच पुढे पेन्सिलीच्या कामी येते. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये आणि दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे असे म्हटले आहे. पहिलीच्या मुलाच्या बाबतीत ते साधारण १.६ ते २.२ किलो भरते.

आपली पाळी येईपर्यंत थांबणे, बाईंची सूचना लक्षात ठेवून तिच्याप्रमाणे वागणे, डबा उघडून स्वतः जेवणे, शौचाला जायचे आहे हे न लाजता सांगणे, मित्राशी भांडण झाल्यावर पुन्हा खेळायला जाणे ही कौशल्येही पहिलीच्या अभ्यासक्रमाचाच भाग होत. ज्या मुलाला वर्गात सुरक्षित वाटते तेच प्रश्न विचारते व चुकण्याचा धोका पत्करते, म्हणून ‘बाईंना सांगेन हं’ असा शाळेचा धाक घालणे शिकण्याच्या मुळावर येते.

घरातून होणारी मदत

या विवेचनावरून पालकांच्या मदतीची दिशा निश्चित होते. तिचे मुख्य अंग आहे वाचून दाखवणे. मुलाला शेजारी बसवून, ओळीखाली बोट फिरवीत, रोज दहा-पंधरा मिनिटे गोष्ट वाचली, की मजकूर डावीकडून उजवीकडे जातो, अक्षरांतून अर्थ निघतो आणि पुस्तकातली भाषा बोलण्यापेक्षा थोडी वेगळी असते, हे त्याला आपसूक समजते. ‘पुढे काय होईल?’, ‘तो असे का वागला?’ या प्रश्नांनी त्याचे आकलन वाढते. तेच पुस्तक पुन्हापुन्हा मागण्याचा मुलांचा हट्ट पुरवावा, कारण ओळखीच्या मजकुरातच त्यांना ध्वनी व अक्षर यांची जुळणी तपासून पाहता येते. स्वतः लिहिता-वाचता न येणाऱ्या पालकांचा वाटा यात कमी नाही. लोककथा सांगणारी आजी, शेतातल्या पिकांची व पाखरांची नावे सांगणारे वडील आणि ‘आज शाळेत काय केलेस, मला शिकव’ असे म्हणून लक्षपूर्वक ऐकणारी आई मुलाला जी शब्दसंपत्ती व जो आत्मविश्वास देतात तो कोणत्याही शिकवणीत विकत मिळत नाही. महाराष्ट्रात २०२२ मध्ये राबवलेल्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात मातांचे गट करून घरगुती साहित्यातून मुलांची तयारी करून घेण्यात आली, ती याच विश्वासावर.

लेखनाला घरात निमित्त मिळणेही तितकेच मोलाचे आहे. किराण्याची यादी, मामाला चार शब्दांचे पत्र, चित्राखाली स्वतःचे नाव असे लेखन, मग ते कितीही वेडेवाकडे असो, एकच ओळ पन्नास वेळा उतरवण्यापेक्षा अधिक शिकवते. सहा ते बारा वयाच्या मुलांना दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप लागते, हेही ध्यानात असावे. रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहून अर्धवट झोपेत शाळेत आलेल्या मुलाच्या अध्ययनात शिक्षकही फारसे काही करू शकत नाहीत. नियमित हजेरी ही तर पालकांच्या हातातली सर्वांत साधी व सर्वांत परिणामकारक मदत होय, कारण पहिलीतील प्रत्येक अक्षरगट मागच्या गटावर उभा असतो आणि आठवडाभर गावाला गेलेल्या मुलाची ती साखळी तुटते.

केव्हा लक्ष द्यावे

अक्षर किंवा अंक उलटा काढणे या वयात सर्रास आढळते व बहुतेक मुलांत ते सरावाने मावळते, त्यावरून अध्ययन-अक्षमतेचा निष्कर्ष काढू नये. फळ्याकडे पाहताना डोळे बारीक करणे, पुस्तक अगदी जवळ धरणे, मागून हाक मारल्यास प्रतिसाद न देणे किंवा कान वारंवार फुटणे ही लक्षणे दिसली तर मात्र तपासणी लांबवू नये, कारण ‘लक्ष देत नाही’ असा शिक्का बसलेल्या काही मुलांना प्रत्यक्षात नीट दिसत वा ऐकू येत नसते. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शासकीय शाळांत अशी तपासणी करतात. वर्ष संपत आले तरी मुलाला शब्दातला पहिला ध्वनी वेगळा करता येत नसेल, वा दहापर्यंतच्या वस्तू मोजता येत नसतील, तर शिक्षकांशी मोकळेपणी बोलावे. अशी भेट तक्रारीची नसून दोघांनी एकाच मुलाविषयीची माहिती एकत्र करण्याची असते, कारण मूल घरात काय करते ते शिक्षकांना दिसत नाही आणि वर्गात काय करते ते पालकांना दिसत नाही.

समजून वाचण्याचे व मूलभूत गणिताचे लक्ष्य तिसरीच्या अखेरीस ठेवलेले आहे, म्हणजे मुलाला त्यासाठी तीन वर्षांचा अवधी दिलेला आहे. ते लक्ष्य पहिल्याच वर्षात गाठण्याची घाई शाळेने करू नये व घरानेही करू नये. पहिली यशस्वी झाली की नाही हे वहीतल्या वळणदार अक्षरावरून किंवा शेजारच्या मुलाशी केलेल्या तुलनेवरून ठरत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मूल दिसेल ती पाटी वाचू पाहत असेल, हाती लागतील त्या वस्तू मोजत असेल, न आलेली गोष्ट ‘मला नाही कळले’ असे निर्भयपणे सांगत असेल आणि जूनमध्ये दुसरीत जाण्यास उत्सुक असेल, तर शाळेने व पालकांनी मिळून आपले काम चोख केले आहे.